गोदानात आलेली मोटरसायकल

मोटरसायकलचं जुनं तेल पुरतं निथळलं की नाही हे ओळखायची आमच्या घरमालकांची एक रीत होती. खालचा बोल्ट काढायचा, घमेल्यात तेलाची धार पडू द्यायची, आणि धार संपून थेंब सुरू झाले की डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणायचं. एक थेंब पडला की सुरुवात. दुसरा थेंब पडायच्या आत अथर्वशीर्ष फलश्रुतीसकट संपलं तर बोल्ट लावायचा. नाही संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. यात अर्धी सकाळ जायची.

"गुरुजी, गॅरेजवाला हे काम दहा मिनिटांत करतो," मी एकदा म्हणालो.

"करत असेल. त्याला दुसरं गिऱ्हाईक असतं. मला कोण आहे?"

मी मूळचा मिरजेचा. बँकेत अधिकारी म्हणून लागलो आणि पहिलीच बदली थेट बनारसला झाली. मंगला गौरीच्या देवळाच्या बाजूला मराठी घरं आहेत असं कुणीतरी सांगितलं म्हणून खोली शोधत तिथं गेलो. गुरुजी तेव्हा पासष्टीच्या पुढं होते. दशग्रंथी वैदिक. त्यांच्या पणजोबांपासूनचं घराणं काशीतलं, त्यामुळे मराठी घरातच बोलायची आणि तीही हिंदीत बुचकळून काढलेली. माझी मराठी ऐकून म्हणाले, "अरे वा, तू तर एकदम आकाशवाणीसारखा बोलतोस. काय करतोस?" मी बँकेचं सांगायला लागलो, तर हातानंच थांबवलं. "ते असू दे. खाली गाडी उभी आहे ती तुझी?"

माझी शंभर सीसीची मोटरसायकल, नवी म्हणावी अशीच होती. गुरुजींनी खाली येऊन तेल मोजायची काडी उपसली, तेल दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी आईवडिलांना उपाशी ठेवून आलोय.

"हे तेल नाही रे बाबा, काढा आहे. खोली देतो. भाडं काय ते काकू सांगेल. पण माझ्या घरात उभी राहणारी गाडी अशी काळं तेल पीत उभी राहणार नाही. हे पहिले कबूल कर."

मी कबूल केलं. खोली हवेशीर होती आणि काकू स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होत्या. त्या वासावर मी काहीही कबूल केलं असतं.

त्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलची कथा गल्लीत सगळ्यांना पाठ होती. साडेतीनशे सीसीची, जुनी, बोजड, आवाजानं अख्खी गल्ली जागी करणारी गाडी. ती त्यांना गोदानात मिळाली होती. मुगलसरायच्या एका ठेकेदाराला वडिलांच्या वर्षश्राद्धाला गाय दान करायची होती. गुरुजी म्हणाले, आमच्या गल्लीत आधीच पंधरा गाई फिरतात, सोळावी मी बांधू कुठं? ठेकेदार हट्टाला पेटला. शेवटी गोठ्यात गाईशेजारी एक मोटरसायकल धूळ खात उभी होती, ती द्यायचं ठरलं. गाईशेजारी उभी असणं एवढाच तिचा गाईशी संबंध. पण संकल्प रीतसर झाला, हातावर पाणी सोडलं गेलं. गोदानात गाईचं शेपूट धरायचं असतं, म्हणून ठेकेदारानं मागचा दिवा धरला.

गल्लीतले लोक यावर पोट धरून हसायचे. गुरुजी अजिबात हसायचे नाहीत. दानात आली म्हणजे गाय. आणि दानातल्या गाईची धार कुणी परक्याच्या हातून काढतो का? म्हणून गाडीला दुसऱ्याचा हात लावू द्यायचा नाही. मिस्त्रीनं नुसतं वाकून पाहिलं तरी त्यांना खपायचं नाही. मात्र गाडीला हार घालायचा, दसऱ्याला गंध लावायचं, असले प्रकारही त्यांना चालत नसत. काकूंनी एकदा हेडलाइटला झेंडूची माळ घातली तर म्हणाले, "माळ कशाला? तेल बघ तिचं."

पहिल्या वर्षी मात्र त्यांना स्वतःलाही काही ठाऊक नव्हतं. गाडीला पेट्रोल लागतं इतकंच माहीत. आत इंजिनाला वेगळं तेल असतं, ते आटतं, हे सांगणार कोण? एक दिवस गंगेपलीकडच्या रामनगरहून येताना कोरडं इंजिन जाम झालं, मागचं चाक तिथंच आवळलं आणि गुरुजी पुलाच्या तोंडाशी रस्त्यावर आदळले. डावं कोपर जे मोडलं ते पुन्हा सरळ झालंच नाही. तेव्हापासून त्यांच्या साष्टांग नमस्काराला एक अंग कमी पडायचं. त्या सहा आठवड्यांत, हात गळ्यात बांधलेला असताना, त्यांनी गाडीची माहिती-पुस्तिका मिळवली. इंग्रजी येत नव्हतं. शेजारच्या शाळामास्तरांकडून अर्थ लावून घेतला आणि सगळी पुस्तिका पाठ केली. पाठ करणं हे त्यांना जड नव्हतंच. पुढं मी त्यांना नुसता आकडा विचारला की पुढच्या शॉकअपमध्ये तेल किती, तर ते पान सांगायचे, ओळ सांगायचे आणि मग माप सांगायचे.

गाडीत पाच ठिकाणी पाच पातळ पदार्थ: इंजिनाचं तेल, गिअरचं तेल, चेनच्या डब्यातलं तेल, शॉकअपचं तेल आणि बॅटरीचं पाणी. गल्लीतली माणसं याला पंचामृत म्हणत. "गुरुजी, आज पंचामृत का?" अशी हाक सकाळी सकाळी यायची. गुरुजी गुडघ्यावर बसलेले, कमरेला जुना पंचा, हात कोपरापर्यंत काळे. हे सगळं स्नानाच्या आधी. घमेल्यावर काकूंनी लाल रंगानं मोठी फुली मारून ठेवली होती, कारण एकदा त्यात चुकून मेथी निवडली गेली होती.

वर्षातून दोनदा हा सोहळा. रामनगरला जायला तेव्हा थंडीत लोखंडी पिपांवर फळ्या टाकून पूल बांधत आणि पावसाआधी काढून घेत. पूल बांधला की एकदा आणि पूल काढायच्या आधी एकदा. त्याला कारण होतं. मागच्या वेळचं जुनं तेल डब्यात भरून ते रामनगरच्या एका लोहाराला नेऊन देत. लोहार तापलेली अवजारं त्यात बुडवून कडक करायचा. मोरीत ओतलं तर गंगेत जाईल, आणि गंगेत एक थेंब गेला तर मी कसला ब्राह्मण, हे त्यांचं म्हणणं. जाऊन येईपर्यंत इंजिन गरम होतं, तेल पातळ होतं, की घरी येऊन लगेच बोल्ट काढायचा. एका फेरीत दोन कामं.

त्यांच्याकडून मी तेल बदलायला शिकलो. शिकलो म्हणजे शिव्या खाल्ल्या. "भरायचं झाकण उघडल्याशिवाय सोडायचा बोल्ट काढू नये," हा पहिला पाठ. झाकण गंजून बसलेलं असेल आणि खालून तेल सोडून मोकळा झालास, तर भरणार कुठून? हे तत्त्व ते कुठंही लावत. काकूंचा भाचा वैतागून मास्तरकी सोडायला निघाला होता. गुरुजींनी त्याला समोर बसवून विचारलं, "भरायचं झाकण उघडलंस का?" भाच्याला काही कळेना. मी समजावून सांगितलं, तेव्हा तो बिचारा गुपचूप शाळेत गेला.

दुसरा पाठ किल्लीचा. काशीतले वैदिक किल्ल्या जानव्याला बांधतात. गुरुजींच्या जानव्याला कपाटाची, देवघराची आणि तेल बदलायच्या दिवशी मोटरसायकलची किल्ली. तेल सोडलं की किल्ली काढून जानव्याला गाठ मारायची, नवं तेल भरून झालं की सोडायची. म्हणजे कोरडी गाडी चुकूनसुद्धा कुणी चालू करणार नाही. माझ्या गळ्यात जानवं नव्हतं. कॉलेजात असतानाच ते कुठल्यातरी खुंटीवर राहिलं.

"मग करगोट्याला बांध," गुरुजी म्हणाले.

"तोही नाही."

"मग तुला धरायचं कुठं रे, मिरजवाले?" असं म्हणून ते हसले आणि माझी किल्ली स्वतःच्याच जानव्याला बांधून घेतली. पुढं दोन वर्षं माझ्या गाडीचं तेल निघालं की किल्ली त्यांच्या गळ्यात, हे ठरूनच गेलं.

आता त्यांच्या पारायणाचं सांगायला हवं. माणसाला आयुष्यात एक गोष्ट करून जायची असते. गुरुजींना ऋग्वेदाची संपूर्ण संहिता एकट्यानं, पोथी न उघडता, आठ दिवसांत म्हणायची होती. आठ अष्टकं, रोज एक. त्यात त्यांचा स्वतःचा संकल्प असा की, या आठ दिवसांत संहितेबाहेरचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. तहान लागली तरी हातानं खूण. शब्द निघाला की पारायण मोडलं. असं त्यांनी दोनदा करून पाहिलं होतं. एकदा पाचव्या दिवशी ताप भरला आणि तापात ते काहीतरी बरळले. एकदा सहाव्या दिवशी चुलतभाऊ गेल्याची तार आली, सुतक लागलं. आता अडुसष्टावं वर्ष चालू होतं आणि पुढचा एक दात हलायला लागला होता.

हा दात म्हणजे घरातला मोठा विषय झाला होता. तो पडला की त, थ, द, ध सगळे फुसकन हवेत जाणार. अशा तोंडानं संहिता म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणून दोन महिने गुरुजी मऊ भात आणि पेज खाऊन होते. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात जेवढी काळजी नाही घेतली तेवढी या दाताची चाललीय." पण एकदा मला एकटं गाठून त्या म्हणाल्या, "या वेळी झालं पाहिजे रे. पुन्हा नाही जमायचं त्यांना." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही मनापासून वाटत होतं की झालं पाहिजे.

माघात पारायण सुरू झालं. अंगणालगतच्या खोलीत, खिडकीकडं तोंड करून गुरुजी बसत. सूर्योदयाला सुरुवात, दुपारी तीनला शेवट. डोळे उघडे, नजर बाहेर. मी बँकेत जाताना, येताना खिडकीसमोरून जायचो. पहिला दिवस गेला, चौथा गेला, पाचवा आणि सहावाही गेला. गल्लीतल्या मुलांनीसुद्धा आमच्या दाराशी क्रिकेट बंद केलं. सातव्या दिवशी संध्याकाळी काकूंनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

आठवा दिवस रविवार होता. दुपारी तीनला समाप्ती, मग वैदिक मंडळी येणार, शाल-नारळ होणार. रामनगरला गुरुजींचे गुरुबंधू राहत, ऐंशीच्या घरातले. त्यांना अकराच्या सुमाराला मी माझ्या मोटरसायकलवरून घेऊन यायचं ठरलं होतं. एवढ्या मोठ्या वैदिकाला न्यायचं तर गाडी स्वच्छ तेलावर असावी, असं माझ्या डोक्यात आलं. गुरुजींनाही खिडकीतून दिसेल, बरं वाटेल. सकाळी फुलं आणायला चौकात जाऊन आलो, इंजिन गरम होतंच. झाकण उघडलं, घमेलं सरकवलं, बोल्ट काढला. मला स्वतःला अथर्वशीर्ष येत नाही. पण आतून गुरुजींचा आवाज येत होता. दोन थेंबांत त्यांच्या किती ऋचा होतात ते मी मोजत बसलो. छान ऊन पडलं होतं आणि मी अगदी खुशीत होतो.

थेंब थांबले. मी बोल्ट घट्ट केला. नव्या तेलाचा डबा आणायला वर जायला निघालो, तेवढ्यात काकू धावत आल्या.

"तू अजून इथंच? रामनगरहून निरोप आलाय. ते काठी घेऊन पायी निघालेत म्हणे. पुलावर पडले-बिडले तर?"

माझी तारांबळ उडाली. हात पुसले, झाकण फिरवून बसवलं, गाडीवर टांग टाकली. किल्ली गाडीलाच होती. ती ज्यांच्या जानव्याला असायची ते आत आठव्या अष्टकात होते. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. मी गिअर टाकला.

आतला आवाज बंद पडला.

"तेल नाही घातलंस."

आवाज अगदी साधा होता, ओरडणं वगैरे काही नाही. मी गाडी बंद केली. गुरुजी खिडकीत तसेच बसले होते. काकूंनी दाराची चौकट धरली होती. पुलाचं तोंड, आवळलेलं चाक, वाकडं कोपर, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढं आलं. आणि मग त्याच्या पाठोपाठ, सात दिवस आणि हे चार तास.

गुरुजी उठले. अंगणात आले, पंचा खोचला आणि गाडीशी उकिडवे बसले.

"जा, डबा आण. आणि नरसाळं पुसून आण. काल बघितलं मी, त्यात कोळिष्टक होतं. सांगू कसं? वायसर नवा घातलास का बोल्टाला? नाही घातलास. बघत होतो मी. आणि पाना असा धरतात? आठ दिवस गप्प बसून तुझे सगळे चाळे बघितलेत, आता एकेक ऐक."

मी रडायच्या बेतात होतो. "गुरुजी, तुमचं पारायण..."

"डबा आण म्हटलं ना."

त्यांनीच तेल भरलं. वाकड्या हातानं नरसाळं धरून, सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता. एक मिनिट इंजिन चालवून बंद करायला लावलं, काडी पाहिली, पुन्हा थोडं घातलं. मग म्हणाले, "आता आराम से जा. तो म्हातारा वाटेत भेटेल. त्याला काही बोलू नकोस." पुलावरून जाताना फळ्या खडखडत होत्या आणि मला समोरचं धड दिसत नव्हतं.

दुपारी मंडळी जमली. पंधरा-वीस वैदिक, गल्लीतले शेजारी, ताटात शाल आणि नारळ. मी दाराशी उभा होतो. मनाशी ठरवलं होतं की सगळ्यांसमोर कबूल करायचं. माझ्या आधी गुरुजी उभे राहिले.

"मंडळी, माफ करा. आठव्या अष्टकात विसरलो. पुढचं आठवेना. मोडलं पारायण."

वैदिकानं सभेत 'विसरलो' म्हणणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चार तरुण वैदिकांनी एकमेकांकडं पाहिलं. मी पुढं सरलो. "नाही, ते..." एवढं तोंडातून निघालं असेल नसेल, तोच गुरुजी माझ्याकडं वळले. "मिरजवाले, मंडळींना चहा आण." आणि नजर अशी, की मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेलो.

रामनगरच्या गुरुबंधूंनी ताटातली शाल उचलली. गुरुजी मागं सरकले. "नको. ती पूर्ण झाल्याची आहे."

"मग थंडीची म्हणून घे," म्हातारबुवा म्हणाले आणि त्यांनी ती गुरुजींच्या अंगावर टाकली.

मंडळी गेल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. मला राग आला होता, त्यांचा नव्हे, माझाच, पण निघाला त्यांच्यावर. "खोटं का बोललात? चूक माझी. मला सांगायचं होतं."

"आणि मग? तुला या गल्लीत राहायचंय अजून. पान घ्यायला गेलास की पानवाला सांगेल, हाच तो. दूध आणायला गेलास की दूधवाला. बनारस आहे हे, इथं नाव पडलं की पुसत नाही. माझं काय? म्हाताऱ्यानं विसरणं शोभून दिसतं. तुला नसतं शोभलं." मग जरा थांबून म्हणाले, "खोटं बोललो त्याचा एक उपास धरतो उद्या. पेज खाऊन तसाही वैतागलोय."

काकू आतून म्हणाल्या, "उपास परवा धरा. उद्यासाठी पुरणाची डाळ भिजलीय." दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पोळी कडक करून मागितली आणि त्या पोळीनं दात पडला. त्यांनी तो पाहिला, खिशात ठेवला आणि जेवण पुरं केलं.

पुन्हा पारायण झालं नाही. गल्लीत बोलणं सुरू झालं ते व्हायचंच होतं. गुरुजींची स्मृती गेली, मोठ्या अनुष्ठानाला आता दुसऱ्यांना बोलवा. दोन-तीन यजमानांनी खरंच दुसऱ्यांना बोलावलं. गुरुजी तेल बदलायच्या दिवशी माझ्याकडं हात करायचे, मी किल्ली द्यायचो, ते ती जानव्याला बांधायचे आणि दात पडलेल्या तोंडानं अथर्वशीर्ष म्हणायचे, शब्दन्‌शब्द.

माझी बदली झाली, मी मिरजेला परत आलो. पुढं गुरुजी गेले, मग काकूही गेल्या. आता माझं नाव घेऊन बोट दाखवणारं त्या गल्लीत कुणी उरलेलं नाही, आणि उरलं असतं तरी आता मला त्याची फिकीर नाही. त्या दिवशी चहा आणायला पाठवलं म्हणून माझ्या तोंडून जे निघालं नाही, ते आज लिहून ठेवतो. आठव्या अष्टकात गुरुजी काहीही विसरले नव्हते. विसरलो होतो तो मी.